मुरलेली प्रत

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टपालाचं पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. मागच्या रविवारी तू फोन आपटलास आणि थोड्याच वेळात आईचा हुकूम आला, की यापुढे तुम्हां बहीणभावांना भांडायचं असेल तर कागदावर भांडा. पाकीट चिकटवेपर्यंत निम्मा राग उतरतो आणि उरलेला टपालपेटीपर्यंत चालत जाताना उतरतो, असं तिचं शास्त्र आहे. तुलाही तेच ऐकवलं असणार. तेव्हा हे माझं पहिलं भांडण, नीट घडी घालून पाठवतो आहे.

आधी मुलाखतीतल्या त्या शब्दाबद्दल. जुने व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांना मी बांडगुळं म्हणालो, हे खरं. बोलताना तुझं दुकान माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं खपून एक खेळ बनवतो. तो पहिल्यांदा विकला जातो तेव्हा आमच्या हातात काहीतरी पडतं. मग तोच खेळ तुझ्यासारख्यांच्या फळीवर येतो, विकला जातो, परत येतो, परत जातो, आणि आम्हांला छदामही मिळत नाही. पुस्तक निदान फाटतं, सायकल गंजते. आमची तबकडी दहाव्या माणसाच्या हातातही पहिल्याइतकीच नवी. मागचा खेळ असाच हातोहात फिरला आणि आमच्याकडे झाडं रंगवणारी मुलगी कामावरून गेली. तू म्हणतेस, माझ्या पोटावर पाय देतोस. अगं, आमच्याही पोटावर कोणाचा तरी पाय आहेच, आणि त्या चपलेचा नंबर तुझ्या चपलेशी जुळतो.

आता मुद्द्याचं. बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. माझा नावाड्याचा खेळ लवकरच बाजारात येतो आहे. खेळणारा नदीकाठच्या एका छोट्या गावात नावाडी होऊन येतो, लोकांना या काठावरून त्या काठावर नेतो, आणि गाव हळूहळू त्याला ओळखू लागतं. पहिल्यांदा सुरू केला की खेळ नाव विचारतो. ते नाव त्या तबकडीला कायमचं चिकटतं. बदलता येत नाही, पुसता येत नाही, गाव पुन्हा कोरं करता येत नाही. ती तबकडी दुसऱ्याने विकत घेतली तर गाव त्यालाही पहिल्याच्याच नावाने हाक मारणार. पहिल्याने बेकरीवाल्याशी भांडण केलं असेल तर बेकरीवाला दुसऱ्याशीही बोलणार नाही. परक्याच्या पायाने झिजलेले जोडे पैसे देऊन कोण घालेल? कल्पना माझीच. आमच्या कंपनीच्या मोठ्या बाईंनी भर सभेत माझी पाठ थोपटली.

तुझं दुकान बरंचसं आमच्याच खेळांवर चालतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगतो, वेळीच दुसरं काही बघ. मोबाइलची कव्हरं वगैरे.

आईबाबांना एक प्रत भेट पाठवली आहे. बाबा उघडतील असं वाटत नाही. माझा एकही खेळ त्यांनी आजवर बघितलेला नाही. असो. राग उरलाच तर टपालानेच पाठव, सोबत लोभही घालावास ही विनंती.

तुझा,
बारक्या


९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. (हाताला सवय आहे म्हणून.)

तुझं पत्र पोचलं. आईचं शास्त्र मला लागू पडत नाही, कारण टपालपेटी माझ्या दुकानाच्या अगदी समोर आहे. तेवढ्या अंतरात काहीही उतरत नाही.

तुझी मुलाखत मी कापून दुकानाच्या काचेवर लावली आहे. खाली किमतीची चिठ्ठीही लावली, कारण माझा नियम तू जाणतोस. उंबऱ्याच्या आत आलेल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी हवी, बिनचिठ्ठीची वस्तू दुकानात राहणार नाही. परवा एका गिऱ्हाइकाने बसायचं स्टूल विकत नेलं, आता मी उभी असते. भिंतीवरचं घड्याळ गेल्यापासून दुकान बंद करायची वेळ शेजारच्या किल्लीवाल्याला विचारते. तुझ्या मुलाखतीला मात्र अजून गिऱ्हाईक नाही.

तू शाळेत घालायचास तो निळा कोट आधी माझा होता आणि माझ्याआधी मामेबहिणीचा. कधी शिंपी दारात येऊन म्हणाला का, की माझा कोट तिसऱ्या अंगावर चढला, आता माझं काय ते बघा? तू पहिल्यांदा जो खेळ खेळलास तो बाबांनी कोणाकडून तरी जुना आणला होता. वेष्टणावरच्या राजकन्येला आधीच्या मुलाने पेनाने मिशा काढल्या होत्या. तो नवाच घ्यायला हवा असता, तर आज तू खेळ बनवत नसतास, बाबांच्या मागोमाग लिफ्टच्या खड्ड्यात उतरला असतास. तुझं घरटं बांडगुळावरच झालेलं आहे, राजा. आणि तुमचे नवे खेळ लोक कशाच्या जोरावर घेतात रे? नाही आवडला तर जुन्याच्या दुकानात विकू, या जोरावर. माझ्या फळीवर जुना ठेवतात आणि त्या पैशांत तुमच्याकडे नवा घ्यायला धावतात.

हे झालं भांडणाचं. आता खरं सांगते. माझ्या जागेचा करार मेअखेर संपतो. जागेचा मालक म्हणजे वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. त्याला इथे एक्स-रेचं मशीन ठेवायचं आहे. जागा हवी तर वर्षाचं भाडं एकदम मोजा, असं त्याने हसत हसत सांगितलं. ऐन त्याच वेळी तुझा खेळ येणार, जुन्याला कोणी विचारणार नाही, आणि मी कव्हरं विकणार. हे दुकान गेलं तर माझ्याजवळ दुसरं काही नाही, हे तुला माहीत आहे. माहीत असूनही तू कव्हरं सुचवलीस. भांडणाचं मला काही वाटलं नाही, त्याचं वाईट वाटलं.

तब्येतीला जप. लोभ शिल्लक आहे, पण सध्या त्यावरही चिठ्ठी लावलेली आहे.

तुझी,
ताई (बांडगूळ)


२० एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुम्ही एकमेकांना पत्रं लिहिता आणि ती वाचून दाखवायला दोघंही मला फोन करता, त्यामुळे मला सगळं भांडण दोनदा ऐकावं लागतं. तुझा खेळ बाजारात आला, मन भरून अभिनंदन. आता दुसरी बाजू ऐक. ताईकडे तुझ्या खेळाच्या वापरलेल्या प्रती येऊन पडल्या आहेत आणि कोणी हात लावत नाही. एका दांडग्या ट्रकवाल्याने धीर करून एक नेली. आधी ती कोणा लहान मुलीची होती. खेळातल्या घाटावर पाय ठेवल्याबरोबर अख्खं गाव त्याला मनीमाऊ, मनीमाऊ म्हणून हाका मारायला लागलं. दुसऱ्याच दिवशी खाली मान घालून परत देऊन गेला. ताई मला हसून सांगत होती, पण तिचं हसणं मला कळतं.

तुझ्या बाबांनी तू पाठवलेली प्रत उघडली, हे वाचून खुर्चीत नीट बस. यंत्राने नाव विचारलं. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाचा हात रिकामा चौकोन दिसला की एकच शब्द लिहितो, तो त्यांनी लिहिला, ‘तपासले’. आता सगळं गाव त्यांना तपासले म्हणतं. या तपासले, पाणी चढलंय तपासले. मी म्हटलं, अहो सुधारा. तेव्हा कळलं की तुझ्या कृपेने ते सुधारत नाही.

खेळतात ते ड्यूटीवर असल्यासारखे. आधी नावेचे दोर ओढून बघतात, मग एकेकाची चौकशी करतात. परवा जेवताना म्हणाले, बेकरीवाल्याच्या सासूचा गुडघा फार दुखतो. मी दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या बेकरीत जाऊन विचारून आले. त्याला सासूच नाही.

मला मालिका बघायच्या असतात आणि टीव्ही एकच, म्हणून ते खेळ घेऊन ताईच्या दुकानामागच्या खोलीत जाऊन बसतात. खरं कारण तिला सोबत व्हावी हे आहे, पण तसं म्हणणार नाहीत, तू त्यांना ओळखतोस. काल त्यांनी तुझी ती प्रत तिच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, वीक. मी रागावले, पोराने दिलेली भेट विकता का म्हणून. ते म्हणाले, पोरीचं दुकान जातंय.

तू कोणाच्या बाजूने आहेस हे मी विचारत नाही. वेळेवर जेव. तुझ्यावरचा लोभ काही बाजारात येत नाही, निश्चिंत राहा.

तुझी,
आई


१२ मे

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी अगदी मनापासून.

तुझी पाठ थोपटायला मीही येते, जरा वळून उभा राहा. बाबांची प्रत शाळेतल्या ग्रंथपाल बाईंनी नेली, तीही स्वस्त आहे म्हणून. दोन दिवसांनी बाई दारात हजर. मी मुकाट्याने पैसे परत द्यायला गल्ला उघडला. तर म्हणाल्या, पैसे नकोत, अशीच आणखी एक प्रत द्या, भावाला भेट द्यायची आहे. झालं होतं असं, की त्यांची नाव घाटाला लागली तर अख्खं गाव उभं. तपासले, होतात कुठे इतके दिवस, म्हणून बायका चौकशी करतायत, बेकरीवाला पावाचे पैसे घ्यायला तयार नाही, पोरं दोर धरायला धावतायत. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं शाळेत काढली, मी सुट्टीवरून आले तर मला असं कोणी विचारत नाही. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मीही पदर शोधत होते.

बाईंनी शाळाभर सांगितलं, शाळेने गावभर. नवी कोरी प्रत घेतली तर आठवडाभर तिथलं कुत्रंसुद्धा ओळख देत नाही. मग गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. काचेवर मी पाटी लावली आहे, ‘मुरलेले खेळ मिळतील’. बाबा मागच्या खोलीत बसून एकामागून एक प्रती मुरवतात, तपासलेची प्रत असेल तर लोक आगाऊ सांगून ठेवतात. किल्लीवाल्याची आईही हाताशी आली आहे, पण ती गावातल्या सगळ्यांची लग्नं जुळवत बसते, त्यामुळे तिच्या प्रतींना वेगळं गिऱ्हाईक आहे. मनीमाऊच्या प्रतीवर तर दोघांची बोली लागली. नव्यापेक्षा जास्त भाव येतो रे! तुझ्या कुलपाची किल्ली तू माझ्याच हातात दिलीस.

एक प्रत मात्र बाबा स्वतःच खेळतात. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने असा आकडा लिहिला आहे, की गिऱ्हाईक चिठ्ठी वाचतं आणि हसत सुटतं. मी म्हटलं, बाबा शेवटी धंदा शिकले, भाव कसा खायचा ते त्यांना कळलं.

भाड्याची रक्कम अजून पुरी जमलेली नाही आणि डॉक्टर जिन्यातून उतरताना माझ्या भिंतींची मापं घेतो. पण आता आशा वाटते. आपला लोभ वाढत जावो, भावाप्रमाणेच.

तुझी,
ताई


१९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आनंद झाला असं लिहिणार होतो, पण तेवढ्यात मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. पाठ थोपटणारा हात आता मानेपाशी आला आहे. त्या म्हणाल्या, नव्यापेक्षा जुनं महाग विकलं जातं असा धंदा मी आजवर ऐकला नव्हता, तुमच्यामुळे ऐकला. आमच्या नव्या प्रती गोदामात पडून आहेत. हे ज्याने केलं त्यानेच निस्तरावं, असं ठरलं आहे. नाहीतर झाडं रंगवणाऱ्या मुलीच्या मागोमाग मी.

म्हणून आता कुलूप काढायचं आहे. तबकडी दुसऱ्याच्या हाती गेली की नाव आपोआप गळून पडेल आणि गाव कोरं होईल, अशी युक्ती मी बनवतो आहे. नाव आणि गावाची आठवण एकाच जागी साठवलेली असल्याने एक पुसलं की दुसरं पुसलं जातंच. करून बघण्यासाठी चांगल्या मुरलेल्या प्रती लागतील, म्हणून खरेदी खात्याला सांगितलं आहे की बाजार धुंडाळा, किंमत बघू नका.

कंपनीतर्फे लोकांसाठी निवेदनही मलाच लिहायचं आहे. वस्तू घेणाऱ्याची असते, घेतल्यावर त्याने ती हवी तशी वापरावी, त्यात आधीच्याने ढवळाढवळ करू नये, अशा अर्थाचं. ही वाक्यं तू माझ्यावर फार सुंदर फेकली होतीस. तो कोट आणि तो शिंपी मी वापरले तर चालतील का? तुझं नाव घालणार नाही.

तुझं नुकसान होणार हे कळतं, पण इथे माझंही आसन डळमळलं आहे. राग मानू नकोस. लोभाच्या बाबतीत मात्र मागचा साठा पुसला जाऊ नये, एवढीच विनंती.

तुझा,
बारक्या


२८ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद, मोजके.

खबरदार कुलूप काढशील तर! एक माणूस जीव ओतून गाव जमवतो आणि दुसरा येऊन ते एका फटक्यात पुसणार? मग मेहनतीला मोल काय राहिलं? केलेल्या कामाचा मोबदला ज्याने काम केलं त्याला मिळायला नको का? ही वाक्यं तुझ्याच मुलाखतीतली आहेत. ती अजून काचेवर आहे, तिथूनच उतरवून घेतली. आम्ही दुकानदार मिळून तुमच्या कंपनीला अर्ज देतो आहोत की कुलूप कायम ठेवावं. पहिली सही माझी आहे. आणि शिंपी मिळणार नाही. तो माझा आहे.

मी दुकानात नवा नियमही केला आहे. माझ्याकडून घेतलेली मुरलेली प्रत गिऱ्हाइकाने इतरत्र विकायची नाही, विकायची तर मलाच. एक माणूस वाद घालायला लागला की वस्तू मी घेतली, कुठेही विकेन. इतका राग आला मला! म्हटलं, अशी माणसंच धंदा बुडवतात.

आता बातमी, आणि बसून वाच. दुकान वाचलं! काल दोन टापटीप माणसं आली. बाबा डोळे तपासायला गेले होते. त्यांनी सगळ्या फळ्या बघितल्या, मग मागच्या खोलीतल्या बाबांच्या त्या प्रतीवरची चिठ्ठी वाचली. हसली नाहीत. नुसती पावती मागितली. वर्षाचं भाडं एकाच वस्तूत उभं राहिलं रे. मी तशीच जिना चढून गेले आणि डॉक्टरच्या समोर करारावर सही ठोकली. त्याचाच दात दुखत असल्यासारखा चेहरा झाला होता.

बाबा आले तेव्हा त्यांना सांगितलं. बरं झालं, म्हणाले, आणि लवकर घरी गेले. आजही आले नाहीत. वयाने थकतात आता. मी त्यांच्यासाठी नवी प्रत फोडून तयार ठेवली आहे, त्यांना काय, चार आठवड्यांत तशीच दुसरी मुरवून देतील.

लोभ आहे, फक्त कुलूप जागेवर असावं.

तुझी,
ताई


३० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. आज भांडण नाही.

तुला सांगितलं नव्हतं, माझ्या खेळात एक म्हातारी आहे. पलीकडच्या काठावर बसलेली असते. तिला कुठे जायचं नसतं, ती कोणाशी बोलत नाही, तिच्याकडून काही मिळत नाही. रोज तिच्यापाशी नाव लावायची, जरा थांबायचं आणि परत फिरायचं, एवढंच. खूप दिवस कोणी असं केलं तर एक दिवस ती बोलायला लागते. तिचं सगळं बोलणं मी एकट्याने लिहिलं आहे. कंपनीत सगळे म्हणाले, काढून टाक, इतका वेळ फुकट कोण थांबेल? मी हट्टाने ठेवली. आमच्याकडे खेळ तपासणाऱ्यांपैकी एकाशीही ती बोललेली नाही.

खरेदी खात्याने आणलेल्या प्रतींत एक होती, तिसरा नमुना म्हणतात तिला. प्रती कोणाच्या, कुठल्या, ते आम्ही बघत नाही, आतलं नावही झाकलेलं असतं. खेळणाऱ्याचं खाजगीपण जपायचं म्हणून तो नियम मीच घालून दिला आहे. पण अहवालात लिहिलं होतं की तिसऱ्या नमुन्यात म्हातारी बोलते. ताई, नुसती बोलत नव्हती, गप्पा मारत होती! मी लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत कोणीतरी ऐकलं होतं. मी जागेवरून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं खेळ बनवतो आहे, पण हे कोणासाठी बनवतो ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

दुपारी ती प्रत पुसून बघितली. युक्ती चालली. गाव एकदम स्वच्छ कोरं झालं, मोठ्या बाई खूश आहेत, नोकरी टिकली.

पण तो माणूस माझ्या मनातून जात नाही. तुझ्या धंद्यात कोणाच्या तरी ओळखीतून तो सापडेल का? मला त्याला एकदा भेटायचं आहे. त्याच्याशी काय बोलेन ते माहीत नाही, पण तो थांबणारा माणूस आहे, सुचेपर्यंत थांबेल.

तुझ्या लोभाचाही मोठा आधार वाटतो, तो असू द्यावास.

तुझा,
बारक्या


६ जून

चि. ताई व चि. बारक्या,
दोघांना आशीर्वाद.

एकच पत्र झेरॉक्स काढून दोघांना पाठवते आहे, म्हणजे कोणाला काय लिहिलं यावरून नवीन सुरू व्हायला नको. तुमची दोन्ही पत्रं तुम्ही मला फोनवर वाचून दाखवलीत. दोघंही इतके खुशीत होता की खरं काय ते फोनवर न सांगता मी कागदावर लिहायला बसले.

बारक्या, तुला जो माणूस भेटायला हवा आहे तो आत्ता बाल्कनीत बसून टेबलफॅनचा स्क्रू काढतो आहे. फॅनला काहीही झालेलं नाही.

ती प्रत बाबांची. ताईने विकली, तुझ्या माणसांनी घेतली आणि तू पुसलीस. ताई, तुला वाटलं ते धंदा शिकले. अगं, तुझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय वस्तू ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी चिठ्ठी लावली, आणि कोणी घेऊ नये म्हणून तो आकडा लिहिला. माझ्या नवऱ्याला याहून मोठ्याने ‘नाही’ म्हणता येत नाही. तुम्ही दोघं त्यांच्या हाताखाली वाढलात, तुम्हांला हे कळायला हवं होतं.

बाकी सगळ्या प्रती त्यांनी दुकानासाठी मुरवल्या. ही त्यांची होती. त्या म्हाताऱ्या बाईपाशी रोज नाव लावायचे. का लावता, काही मिळतं का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, ती एकटी बसते. मग ती बोलायला लागली, आणि तेव्हापासून संध्याकाळी घरी आले की मला सांगायचे, आज म्हातारी असं म्हणाली, आज तसं म्हणाली. एकदा म्हणाले, अगं, हा बारक्याच बोलतो आहे तिच्या तोंडून, आपल्या घरातल्यासारखं. आणि मग म्हणाले, माझ्याशी तो इतकं कधी बोलला नाही.

कागदावर भांडा असं मी म्हटलं होतं. ते मागे घेते, कागदावरही भांडू नका. माझा लोभ तुम्हांला ठाऊक आहे, त्याची विनंती मला करावी लागू नये.

तुमची,
आई


१५ जून

चि. ताई व चि. बारक्या यांस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. लिफ्टच्या चिठ्ठीवर एवढी जागा नसायची. पण तुमची आई म्हणाली की मी लिहिल्याशिवाय तुम्ही दोघं शांत होणार नाही.

ताई रोज येऊन स्वयंपाकघरात डोळे पुसते आणि बारक्या फोनवर आईशी बोलून माझी चौकशी करतो. दोन्हींची गरज नाही. किंमत मी लिहिली होती, गिऱ्हाइकाने ती दिली, ताईने वस्तू दिली. व्यवहार चोख आहे. दुकान राहिलं, हे मोठं काम झालं. दुकान की ती प्रत असं कोणी विचारलं असतं तर मी दुकानच म्हणालो असतो. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकंच. बारक्याने पुसली तेही त्याचं काम होतं. मीही दुसऱ्यांनी बसवलेल्या चांगल्या लिफ्टा काढल्या आहेत. कुलूप ठेवावं की काढावं यातलं मला कळत नाही. तुम्ही दोघंही बरोबर बोलत होता, फक्त एकमेकांच्या जागी उभे राहून.

काल मोठ्या बाजारात जाऊन एक प्रत घेतली. सीलबंद, पूर्ण किमतीला. स्वतःसाठी नवी कोरी वस्तू मी क्वचितच घेतली आहे, त्यामुळे वरचं प्लास्टिक कुठून फाडायचं ते विकणाऱ्या मुलीला विचारावं लागलं. ती म्हणाली, काका, खेळून झाला की परत आणा, निम्मे पैसे देऊ. मी सांगितलं, नाही आणणार. ही घरीच राहील. तुमच्या आईने त्यासाठी एक मालिका सोडली आहे, तेव्हा तिचे उपकार माना.

ताई, उद्यापासून मी दुपारी दुकानात येत जाईन. चहा प्यायला येईन, मुरवायला नाही.

बारक्या, म्हातारी पुन्हा गप्प झाली आहे. ती बोलायला किती वेळ लागतो ते मला आता माहीत आहे, त्याची घाई नाही. तोवर तू रविवारी आईला न करता मला फोन करत जा. बोलायला काही सुचलं नाही तर नुसता लावून ठेव, मी थांबेन.

लोभ असू द्या. तो नवाच हवा असं नाही.

तुमचा,
बाबा